अर्ध्यावर राहिलेला चुडा

त्या दुपारी आमच्या ओसरीवर आम्ही चौघीच होतो. मी, माझी धाकटी जाऊ शालन, शेजारची कमळाबाई आणि बांगड्या भरायला आलेली रझिया. शालन गेली, कमळाबाई पण गेली. रझियाचं ठाऊक नाही — विचारायला तोंड कुठं होतं मला? तेव्हा सांगणारी मीच उरले. आणि मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता मी लेकीकडं, जर्मनीत इंगोलश्टाटला असते. लेक संगीता विद्यापीठात आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या जर्मनीचा अभ्यास करते. ज्यांनी पुढं ज्यू लोकांचे जीव घेतले, त्यांना आधी कोणत्या गावानं किती मतं दिली, ते नकाशावर रंगवते. जेवणाच्या टेबलावर नकाशा, एका कडेला माझा लसूण. एकदा दोन गावांवर बोट ठेवून म्हणाली, "आई, शेती तीच, चर्च तेच. हे गाव आधी त्यांच्याकडं फिरलं, हे नाही. मग... का?"

मी सोलत राहिले. मला का ते ठाऊक नव्हतं? होतं की. त्यांच्या गावाचं नाही — माझ्या.

आमच्यात लग्नाचा चुडा भरला की भरणारीच्या पाया पडतात. मी रझियाच्या पडले होते. मला आई नव्हती. डोक्यावर हात तिनंच ठेवला होता. पुढं एका निवडणुकीच्या साली चावडीपुढं सभा व्हायला लागल्या. मुसलमानांकडून काही घ्यायचं नाही, असं पुरुषांत चाललं होतं. बायकांना कुणी काही बोललं नव्हतं. आमच्या मालकांनी तर चकार शब्द काढला नव्हता. मग मला कुणी ढकललं? — कुणीच नाही.

शालन पोटुशी होती. रझिया तिला हिरव्या बांगड्या भरत होती, दोन चढल्या होत्या. आणि मी म्हणलं, "राहू दे. तुझ्या बांगड्या नकोत आमच्या घरात. त्या दोन पण काढ."

रझियानं वर बघितलं. "पोटुशीच्या हातातली भरलेली काढू नये, पोरी," एवढं म्हणाली, टोपली बांधली आणि गेली.

भ्याले म्हणू? नव्हते भ्याले. बरं वाटलं मला. कमळाबाई माझ्याकडं अशी मानानं बघत होती — तसं माझ्याकडं कधी कुणी बघितलंच नव्हतं. दिवस मावळायच्या आत गल्लीतली सगळी दारं रझियाला बंद. सभांनी जे झालं नव्हतं ते माझ्यानं झालं. वर्षाच्या आत तिनं गाव सोडलं.

संगीता तेव्हा लहान. रझियामावशी का येत नाही, म्हणून मागं लागायची. मी सांगितलं — लोकांनी हाकललं तिला, मी एकटी आडवी उभी राहिले. पोरीनं ते जपून ठेवलं. आता मोठमोठ्या लोकांपुढं नकाशा दाखवते आणि शेवटी माझं सांगते: माझी आई चौथी शिकलेली, पण अख्ख्या गल्लीला नडली. मागल्या महिन्यात मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. इथं टाळ्या वाजवत नाहीत, बाकांवर मुठी ठोकतात. सगळा हॉल ठोकत होता. आणि मी काय केलं? — उठून हात जोडले.

आता ती हे पुस्तकात घालते आहे. आज संध्याकाळी कामावरनं आली की तिला सांगणार आहे. ती काय म्हणेल, माहीत नाही. तिनं अमुकच म्हणावं असं मागायचा मला हक्क नाही.

तुमच्यापैकी कुणी ती गोष्ट ऐकली असेल, तर ज्याला सांगितली असेल त्याला एवढं कळवा — ती खोटी आहे.