गादीखालची पिशवी

आज कॉलेजात मी जरा जास्तच शहाणपणा केला. ऐका.

आम्हाला एक जुनी कथा अभ्यासाला आहे. कारकुनाची बायको दुकानाच्या काचेतल्या जरीच्या साडीसाठी झुरत असते. मॅडमनी विचारलं, "हिला नक्की काय हवंय?" मी उठून म्हटलं, "साडी नकोच आहे तिला. लोकांनी आपल्याकडे बघावं, एवढंच हवंय. मूर्ख आहे." मॅडम खूश.

तास सुटल्यावर मैत्रीण सायली माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाली, "तिथून शॉपिंग? झकास यार! काय घेतलंस गं?"

जुहूच्या एका महागड्या दुकानाची जाड कागदी पिशवी होती ती. आत माझा डबा होता. आईला ऑफिसात कुणीतरी या पिशवीतून दिवाळीची मिठाई दिली होती. तेव्हापासून ती आमच्या नाहूरच्या घरात गादीखाली सपाट करून ठेवलेली असते आणि फक्त लग्नकार्याला बाहेर निघते. आज मी ती न विचारता उचलली होती.

"बूट घेतले," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

घरी आले तर पिशवीला भाजीच्या तेलाचा डाग. आई जाम भडकली. "रविवारी साखरपुड्याला आहेर कशातून न्यायचा आता?" मग ती डागावर पावडर चोळत बसली.

मी पुस्तक उघडलं. त्या बाईच्या नावापुढे मी पेन्सिलने 'मूर्ख' लिहिलं होतं. ते खोडलं.

कधी पाऊलही न ठेवलेल्या दुकानाची अशी पिशवी तुमच्या गादीखाली आहे? आणि कुणी विचारलं, तर काय सांगता?