खानदानी नाक

मुलीचा विषय निघाला की तो आधी स्वतःच्या नाकावर बोट ठेवायचा, मग तिच्या. "बघा वहिनी, खानदानी नाक! पुण्याहून थेट बुकित पंजांगला."

त्याचं नाक खरंच दांडगं होतं. मुलीचं इवलंसं, चपटं. पण असे बाप तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी म्हणायची, "हो, हुबेहूब!" मग मुलगी माझंही नाक दाबून बघायची आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावून नापास करायची. "आंटी, यू नॉट सेम, ला."

तो माझ्या नवऱ्याबरोबर चांगी बिझनेस पार्कात एका बँकेत होता आणि बुकित पंजांगला आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचा. मुलगी परदेशात सरोगसीने झालेली, हे आम्हाला माहीत होतं. तिथल्या कोर्टाने या नवरा-बायकोला तिचे आईबाप ठरवलं होतं. सकाळी तिची वेणी तोच घालायचा, इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर जायच्या. "सैल घातली तर लिफ्टपर्यंतच टिकते, वहिनी."

मग दोघं वेगळी झाली. बायको मुलीला घेऊन जुरोंग ईस्टला गेली आणि तिने त्या कोर्टाच्या हुकुमाला आव्हान दिलं. बाप म्हणून ह्याचं नाव काढा, म्हणाली.

एका संध्याकाळी ब्लॉकखालच्या दगडी टेबलापाशी त्याने मला थांबवलं. "वहिनी, स्त्रीबीज हिचं होतं. पण माझ्या बाजूचं दात्याचं."

मी नको तेव्हा त्याच्या नाकाकडे पाहिलं.

"मग कोर्टात तसं का नाही सांगितलंत?"

"पुण्यात माझ्या आईला कळलं असतं. नातेवाइकांत नाक कापलं गेलं असतं. शपथेवर सांगितलं, माझंच आहे. हिनेही तेव्हा मान डोलावली." मग म्हणाला, "वकील म्हणतो, खरं सांगितलं असतं तरी मलाच बाप ठरवलं असतं. खोटं बोललो, म्हणून हुकूम मोडतोय."

मला त्याचा असा राग आला! कसलं नाक राखत बसला होता हा माणूस? राग त्याच्या बायकोचाही आला. त्या वेण्या तिने रोज पाहिल्या होत्या. पण कोर्टात वेण्यांना कोण विचारतो?

हुकूम रद्द झाला. कायद्याने तो मुलीचा कुणीच उरला नाही.

तो नोकरी सोडून पुण्याला परतणार होता, त्याआधी मुलीच्या आईने त्याला तिला एकदा भेटू दिलं. एकट्याला धीर होईना, म्हणून मला बरोबर नेलं. शेजारच्या बेटांवर जंगलं जळत होती, त्यांचा धूर शहरभर कोंडला होता. जुरोंग ईस्ट स्टेशनबाहेर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मुलगी आईचा हात सोडून धावत आली. वेणी सुटत आली होती. तिने आधी त्याचा मास्क खाली ओढला, मग स्वतःचा, आणि त्याच्या नाकावर बोट ठेवलं.

"बाबा, से इट, ला."

त्याने तिच्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिचा मास्क हळूच वर केला.

"धूर आहे गं फार," एवढंच म्हणाला. तिचं बोट अजून त्याच्या नाकावरच होतं.