प्रिएगोचं कारंजं आणि आमचा कोरडा हौद

मंगळवार पेठेतल्या दगडी हौदाच्या काठावर बुटाचा पाय ठेवून महापालिकेचे साहेब मला म्हणाले होते, ‘‘मॅडम, जगात कुठं भर चौकात असलं जुनं ठेवतात काय? जरा बाहेरचं जग बघा.’’

हौद फोडून तिथे दुचाक्या लावायच्या, असं त्यांचं ठरलं होतं. त्याविरुद्ध मी पाच पत्रकं छापली. पाचांवर मथळा एकच : ऐतिहासिक वारसा वाचवा! एका पत्रकावर त्यांचा शिपाई भडंग खात होता. डोळ्यांनी पाहिलं मी.

मग मी खरंच बाहेरचं जग बघून आले. माझा मोठा भाऊ स्पेनमध्ये, कोर्दोबाला नोकरी करतो. त्याने मला बसने प्रिएगोला नेलं. ऑलिव्हच्या डोंगरांतलं छोटं गाव, बरोक शैलीतल्या जुन्या, नक्षीदार चर्चेससाठी नावाजलेलं. एका चर्चचा घुमट आतून नुसता पांढऱ्या नक्षीचा. ताज्या लोण्याच्या गोळ्यावर कुणी निवांत बोटं फिरवलीत, तसा. मान दुखेपर्यंत बघितला. पण डोकं हौदात अडकलेलं.

गावाच्या वरच्या टोकाला ‘राजाचं कारंजं’ आहे. एकाखाली एक मोठाले दगडी हौद, मधे रथातला समुद्रदेव, कडेनं शंभरावर कोरीव तोंडं आणि तोंडातोंडातून पाणी. माझ्या चपला आपोआप निघाल्या. दुपारची फरशी तव्यासारखी तापलेली.

‘‘चपला घाल की! देवळात आलीयास व्हय?’’ दादा ओरडला.

मागच्या झऱ्यापाशी एक आजोबा कॅन भरत होते. मी दादाला म्हटलं, ‘‘विचार त्यांना, एवढी ऐतिहासिक वास्तू, आणि पाणी भरू देतात?’’

आजोबांनी आधी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग काहीतरी बोलले. दादा हसत सुटला. ‘‘म्हणतायत, भरायचं नसतं तर पाणी सोडलंय कशाला?’’

मला राग आला. त्यांचा नाही, स्वतःचा. पाच पत्रकं काढली, आणि एकातही पाणी हा शब्द नाही! आमचा हौद कित्येक वर्षं ठणठणीत कोरडा. मी एका खड्ड्यासाठी गळा काढत होते.

परत आल्यावर सहावं पत्रक छापलंच नाही. तडक दूध कट्ट्यावर गेले. तिथे गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गवळीमामांना माहीत होतं : वरच्या टाकीकडून हौदात खापरी नळ येतो, तो झाडाच्या मुळांनी तुंबलाय. तालमीतल्या पैलवानांनी चार दिवस खणलं. आधी नुसता चिखल आला. मग गढूळ पाणी. मग नितळ.

‘‘आलं की गं पोरी!’’ मामांनी अशी आरोळी ठोकली की कट्ट्यावरच्या म्हशी बिचकल्या.

साहेब पाडकामाचं माप घ्यायला आले, तेव्हा त्याच म्हशी हौदाला तोंड लावून पाणी पीत होत्या. टेप हातातच राहिला.

‘‘हा हौद वापरात नव्हता,’’ साहेब म्हणाले.

‘‘नव्हता. आता हाय की,’’ मामा म्हणाले. ‘‘मोजा पावणं, खुशाल मोजा. फकस्त हिच्या मागं उभारू नगा, लाथ मारती.’’

साहेबांनी कागदावरचं ‘पाडणे’ खोडून ‘वापरात’ लिहिलं. मी ते तिथल्या तिथे वाचलं, मोठ्यांदा, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं. आणि मोबाइलमधला प्रिएगोच्या कारंज्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

‘‘काय सुंदर आहे! कुठलं हे?’’

‘‘बाहेरचं जग, साहेब. तुम्हीच बघायला सांगितलं होतंत.’’