आठवडेसर आणि मागचं दार

वर्षातला एक आठवडा आमचे सर एकोणिसाव्या शतकात राहत. त्या दिवसांत ते लांब काळा कोट घालून कॉलेजात येत, मोबाईल घरी ठेवत आणि आम्हा पोरांना अहोजाहो करत. मुरुडच्या उकाड्यात कोटाची पाठ भिजून जायची, पण कोट काही उतरायचा नाही. ते इतिहास शिकवत. त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण सगळं कॉलेज त्यांना आठवडेसर म्हणायचं. मला लिहायची फारशी सवय नाही. त्यांच्याबद्दल कुणीतरी नीट लिहील म्हणून वाट पाहिली. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आपल्याकडे विद्यापीठं नवी होती तेव्हा तिथली मुलं कशी शिकत असतील, हे नुसतं वाचून कळत नाही, एकदा तसं जगून बघावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सकाळी प्रार्थना, दिवसभर व्याख्यानं आणि संध्याकाळी वादसभा. व्याख्यानाला माईक नाही, फळा नाही. मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर बोलणाऱ्याने परत पहिल्यापासून सुरू करायचं. प्रार्थना रोज वेगळ्या घरची. एकदा कोळीवाड्यातली आरती झाली, दुसऱ्या दिवशी वर्गातल्या शबानाने आपल्या दादीची दुआ म्हटली. आपली नसलेली प्रार्थना ऐकताना काय करायचं, असं एकाने विचारलं. "गप्प बसायचं," सर म्हणाले. "तेवढं आलं तरी अर्धं शिक्षण झालं."

हा आठवडा कॅलेंडर बघून ठरत नसे. सर कोळीवाड्यात येऊन भांग कधी आहे ते विचारत. अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ कमी होते, ओढीवरच भरणाऱ्या डोलीच्या जाळ्यांना काम नसतं, होड्या किनाऱ्याला असतात. त्याला आमच्यात भांग म्हणतात. शेवटच्या वादसभेला आईबाप यावेत म्हणून सर भांग धरत. प्राचार्य दरवर्षी कुरकुर करत की परीक्षा विद्यापीठ ठरवतं, समुद्र नाही. सर मान हलवून ऐकून घेत आणि तारीख तीच ठेवत.

आणि दारं. आमच्या सभागृहाला दोन दारं होती. वाद संपला की हात वर करायचे नाहीत. ठराव मान्य असेल त्याने मागच्या दाराने बाहेर पडायचं, नसेल त्याने पुढच्या. पण चपला सगळ्यांच्या पुढच्या दाराशी. मागे जांभ्याची खडी पसरलेली. त्यामुळे पहिल्या वर्षी वाद कसाही झाला तरी सगळे उठले ते सरळ आपापल्या चपलांकडे गेले आणि प्रत्येक ठराव पडला. मुलं म्हणाली, सर, चपला आत ठेवू. सर नको म्हणाले. "नाही म्हणायला काही लागत नाही, चपला तिथेच असतात. हो म्हणणाऱ्याला खडीवरून वळसा घालू दे. थोडं टोचलं पाहिजे."

विषय त्या काळातलेच असत. समुद्रपर्यटन करावे काय, या विषयावर आमच्या कोळीवाड्यातला एक मुलगा हसायला लागला. म्हणाला, सर, माझा बाप रोज करतो, त्याला कुणी विचारलं न्हाय. सरांनी त्याला बाकावरून उठवलं. "तेव्हाही विचारलं नव्हतं. आज आपण विचारतो. बोला." तो तासभर तरी बोलला असेल. त्याआधी वर्गात त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा शेवटचा विषय निघाला, मुलींना विद्यापीठाचे शिक्षण द्यावे काय. बाजू सर करवंटीतल्या चिठ्ठ्यांनी ठरवत. माझ्या वाट्याला विरोध आला. मला रडू कोसळायचं तेवढं राहिलं. कारण घरी हाच वाद चालू होता. आईचे गुडघे गेले होते. मासळीबाजारातली तिची जागा आजीपासूनची, आणि तिथे कुणी बसलं नाही तर ती धाकट्या काकीच्या घराकडे जाणार होती. बाबांनी सांगून टाकलं होतं, हे वर्ष झालं की कॉलेज पुरे, तू मासळीची पाटी घे. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना दुसरा रस्ता दिसत नव्हता.

मी सरांकडे गेले, बाजू बदलून द्या म्हणाले. बाबा समोर बसणार आहेत, मी त्यांच्याच बाजूने बोलले तर संपलंच. सरांनी कोटाची बटणं नीट केली आणि म्हणाले, "तुमची बाजू तुम्हाला पाठ आहे. वडिलांची बाजू त्यांना स्वतःला तरी कधी पुरती मांडता आली आहे का? तुम्ही मांडा. अर्धवट मांडाल तर मी मध्येच थांबवेन."

म्हणून मी मांडली. आईचे गुडघे सांगितले, पहाटेचा बर्फ सांगितला, आजीने ती जागा कशी धरून ठेवली ते सांगितलं. शिकलेली मुलगी घरापासून लांब जाते, मग म्हाताऱ्यांकडे कोण बघणार, हेही विचारलं. खोटं एकही वाक्य बोलले नाही. बोलताना बाबांकडे बघवत नव्हतं. ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

सभा उठली आणि जवळजवळ सगळं सभागृह माझ्या बाजूने, पुढच्या दाराकडे निघालं. मी जिंकले होते. बाबा मात्र जागेवरच उभे. मग ते वळले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. खिडकीतून मला दिसत होतं, खडीवर पाय तिरके टाकत, भिंतीला हात लावत ते वळसा घालून चपलांपाशी आले. घरी जाताना बंदराजवळ आल्यावर म्हणाले, "माज्या मनातला सगला तूच बोललीस, बाय. आता माज्याजवल बोलाला काय उरला न्हाय. शीक."

बाजारातली जागा गेली. आता तिथे धाकटी काकी बसते. आई अजून त्या बाजूने जायचं टाळते. हे सांगितलं नसतं तर सरांनी मध्येच थांबवलं असतं.

सर निवृत्त होऊन माणगावला गेले तेव्हा एसटी स्टँडवर आम्ही बरेच जण होतो. कोट त्यांनी हातावर घेतला होता. पुढच्या वर्षी कोण घेणार आठवडा, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. कुणी घेतलाही नाही. मी एम.ए.ला गेले. यंदा पावसाळ्यात सर वारले. मोठा पाऊस होता, रस्ता बंद होता, आमच्यापैकी कुणालाही पोचता आलं नाही.

त्यांच्या आठवणीत वादसभा घ्यायचं ठरवून आम्ही कॉलेजचं सभागृह मागितलं, ते मिळालं नाही. तिथे आता एसी आहे आणि मागचं दार बंद करून टाकलं आहे. मग आम्ही वाड्यातल्या सोसायटीचा हॉल मागितला. हॉल चांगला आहे, पण दार एकच. मी म्हणाले, या वर्षी हात वर करू. बाबा उठले, हॉलच्या मागच्या भिंतीवर त्यांनी खडूने चौकोन काढला आणि गवंड्याला बोलावणं धाडलं.

भांग पुढच्या आठवड्यात आहे. दार झालं आहे. बाहेर टाकायची खडी उद्या येते.