आयतं न चालणारा माणूस आणि त्याचा डावा पाय

आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय तयार होतात. मी मापं घेते. इतकी वर्षं घेते आहे की माणसं मला चेहऱ्यापेक्षा गुडघ्यावरून लवकर ओळखू येतात. पण लिहायला बसले ते आमच्या संगणकवाल्या साहेबांमुळे. तोंडावर साहेब, पाठीमागे ‘मुळापासून’. पाय घडवणाऱ्या आमच्या सुताराने याहून वाईट एक नाव ठेवलं होतं, पण ते एका दुखण्याचं आहे, म्हणून इथे देत नाही.

या गृहस्थांना आयतं काही चालत नसे. साबण घरी ढवळलेला, खुर्ची स्वतः ठोकलेली. पाहुणे दोन्हींपासून जपून असत. “आयत्या अशा यांनी दोनच गोष्टी घेतल्या,” त्यांची बायको म्हणायची, “मी आणि तो डावा पाय. दोन्हींबद्दल तक्रार आहेच.”

तो डावा पाय आमच्याकडचाच. एकोणीस वर्षांपूर्वी अपघातानंतर ते पेशंट म्हणून आले, मी माप घेतलं, सुताराने पाय केला. “मी स्वतः केला असता तर कुरकुरला नसता,” असं म्हणत त्यांनी तो चढवला आणि महिनाभरात आमच्याकडेच नोकरीला लागले. उपकाराची फेड करावी तर अशी!

मग आमच्या वह्या संगणकात गेल्या. नोंदी ठेवायचा प्रोग्राम तयार मिळतो, फुकट मिळतो, जगभर लोक पाच मिनिटांत बसवतात. साहेबांनी त्याचा मूळ कोड आणला. आमची मापं इंच आणि सुतात, एका इंचाला आठ सूत. प्रोग्रामला सूत कळत नव्हतं. शहाण्या माणसाने आठाने गुणलं असतं. यांनी कोडमध्ये तीन ठिकाणी बदल करून प्रोग्रामलाच सूत शिकवलं आणि मग तो कम्पाइल केला, म्हणजे माणसाच्या लिखाणाचं मशीनला चालेल असं रूप केलं. पहिली नोंद त्यांनी स्वतःच्या पहिल्या पायाची घातली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

गेल्या सोमवारी तो संगणक जळाला.

नोंदी वेगळ्या डिस्कवर शाबूत होत्या, अकरा हजार माणसांच्या. नव्या व्यवस्थापकांच्या टेबलावर मात्र एका तयार प्रोग्रामचं गुळगुळीत माहितीपत्रक बरेच दिवस वाट बघत पडलं होतं. ते साहेबांना म्हणाले, “शुक्रवारी पाचपर्यंत उघडलं तर ठीक. नाहीतर नवं घेऊ, पहिल्यापासून सुरू करू. ती डिस्क भंगारात, तुम्ही स्टोअरला.” आमच्याकडे निम्मे लोक येतात तेच पाय सुजल्यावर. तेव्हा घेतलेलं माप खोटं पडतं, जुनंच कामी येतं. हे त्यांना सांगितलं. त्यांनी माहितीपत्रकाचं पान उलटलं.

मंगळवारी साहेबांनी नवा संगणक मांडला, मूळ कोड पुन्हा आणला, तो कम्पाइल करणारा कम्पायलर बसवला. तो निघाला फार नवा. सासूने सुनेच्या कामात खोड काढावी तशी त्याने जुन्या कोडमध्ये चारशे खोडी काढल्या. मग जुना कम्पायलर शोधला. त्याला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या कोडचा गठ्ठा, हवी होती, त्या लायब्ररीला दुसरी हवी होती, आणि दुसरीला पहिलीची जुनी आवृत्ती. “आयतं बसवलं असतं तर?” मी विचारलं. साहेबांना ऐकू आलं नाही. त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

बुधवारी दुपारी कम्पाइल झालं. पेशंट पहिलं पाऊल टाकतो तेव्हा घरच्यांचा चेहरा जसा होतो, तसे ते पडद्याकडे बघत होते. मग डिस्क जोडली. प्रोग्रामने एकही नोंद ओळखली नाही. ओळखणार कशी? हा मूळ कोड होता, बिनसुताचा. ते तीन बदल जुन्या संगणकाबरोबर जळाले होते.

“कुठेतरी लिहून ठेवले असतील ना?” मी म्हटलं.

“ठेवलेत की. व्यवस्थित.”

“कुठे?”

साहेबांनी न उघडणाऱ्या डिस्ककडे बोट दाखवलं. “त्याच डेटाबेसमध्ये.”

सुतार हसत बाहेर गेला तो चहाच्या सुट्टीपर्यंत परत आला नाही.

गुरुवारी साहेब माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. “पहिली नोंद माझी आहे, ताई. तिचे खरे आकडे मिळाले, तर कच्च्या फाइलीत ते कसे साठवलेत ते बघून बदल परत काढता येतील. जुनी वही...”

“रद्दीत दिलीत. तुम्हीच. ‘आता संगणकात आहे’ म्हणून.”

त्यांनी मान खाली घातली. एवढं बोलल्याचं मला वाईट वाटलं. थोडंच, पण वाटलं. आणि मग आठवलं. आतलं अस्तर चिकटवण्याआधी मी प्रत्येक पायात पेन्सिलने माप लिहिते. माणूस गेला की घरचे पाय आम्हाला आणून देतात, तेव्हा आतलं वाचूनच तो कोणाचा ते कळतं.

“तुमचा पहिला पाय कुठे आहे?”

तो बाल्कनीत होता. वहिनींनी त्यात छत्र्या ठेवल्या होत्या. तासाभरात त्या रिक्षाने आल्या, पाय काखेत, छत्र्या तशाच आत. मी अस्तर फाडलं. आकडे स्पष्ट होते, सुतासकट. त्याखाली सुतारासाठी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘माणूस हट्टी. दुखलं तरी सांगणार नाही. कडा मऊ ठेवणे.’

साहेबांनी आकडे उतरवून घेतले. खालची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

शुक्रवारी पावणेचारला अकरा हजार माणसं पडद्यावर आली. व्यवस्थापक “छान” म्हणाले आणि त्यांनी माहितीपत्रक खणात ठेवलं. फेकलं नाही.

पाच वाजता साहेब माझ्या खोलीत आले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तक्रार न करता मापाच्या स्टुलावर बसले. “नवा पाय करायला झालाय. माप घ्या.” मग एक चिठ्ठी पुढे केली. त्यावर तेच तीन बदल होते. “आणि हे आत लिहा.”

“कागदावर ठेवा की साधं!”

“कागद रद्दीत जातो, ताई. माझ्यानंतर पाय तरी इथेच येईल.”

मी टेबलावर पेन्सिल शोधायला लागले. ती माझ्या कानावरच होती.