बदली येईपर्यंत

७ फेब्रुवारी १९९७. शाळेच्या रेडिओ केंद्राने केकविक्रीचे एकेचाळीस डॉलर साठ सेंट जमा केले होते. त्याची पावती द्यायला मी वरच्या मजल्यावर गेलो. हिमवादळामुळे शाळेला सुट्टी होती, पण मी शाळेचा कारकून आणि माझं घर समोरच, म्हणून कचेरी उघडली होती.

वर लेनोरा टिबेट्स एकटी बसली होती. वय सतरा, केंद्राची प्रमुख. आमचं केंद्र मुलंच चालवतात. कार्यक्रम तीच ठरवतात, नव्यांची परीक्षा तीच घेतात आणि चुकणाऱ्याला तीच काढतात. शिक्षक फक्त सही करतात. एक नियम मात्र कोणी मोडत नाही: बदलीचा माणूस आल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. ऑक्टोबरमध्ये लेनोराने सख्ख्या भावाला यावरूनच काढलं होतं. तो पिझ्झा घ्यायला खाली उतरला होता.

बंद शाळा आणि बंद रस्ते सांगायला ती पहाटेच आली होती. नऊला तिच्या बदलीला डुएन येणार होता, पण शेतावरून फोन करून त्याने गाडी रुतल्याचं कळवलं होतं. दुपारी एकला दुलुथ शहरातल्या विद्यापीठात तिला ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब पितळी वाद्य, वाजवून दाखवायचा होता. शिष्यवृत्ती मिळाली तरच पुढचं शिक्षण. तिकडचा हमरस्ता उघडा होता, पण दोन तासांचा, आणि आता दहा वाजलेले.

तिचा मामा व्हर्लिन बुटांवरचा बर्फ झटकत वर आला.

"चल की गं! गाडी किती वेळ चालू ठेवू?"

"डुएन आला नाही, मामा."

"मग बंद कर हे खोकं. कोण ऐकतंय?"

"उत्तरेकडचे फोन बंद आहेत. तिकडच्या आजारी मेनार्ड आजोबांचा ऑक्सिजन कुठल्या रस्त्याने येतोय, ते त्यांना कोण सांगणार? तू?"

"मी बसतो," मी म्हणालो.

"परीक्षा दिलीय तुम्ही?"

"घे."

दोन गाणी सलग लावून तिने दहा प्रश्न विचारले. दर तासाला केंद्राचं नाव सांगायचं, आवाजाचा काटा लाल पट्टीत जाऊ द्यायचा नाही, हे मला ठाऊक होतं.

"बोलून झालं, गाणं लावलं. आता पहिलं काय?"

"आवाज वाढवायचा."

"माइक बंद करायचा, मिस्टर एंगस्ट्रॉम. नाहीतर तुमचं खोकणं गावभर."

दहापैकी सात. पास व्हायला आठ लागतात.

"अगं, सात म्हणजे पासच की!" मामा ओरडला.

"भावाला सातवर नापास केलं होतं मी. पुन्हा बसवलं होतं."

"तुझाच नियम ना? मग तूच मोड."

"म्हणून तर मोडता येत नाही."

गाणं संपत आलं होतं. तिने हात वर करून आम्हाला गप्प केलं, माइक उघडला आणि बंद रस्ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. आवाज नेहमीसारखा होता. टेबलाखाली मात्र ट्रॉम्बोनची पेटी तिने दोन्ही पायांत घट्ट धरली होती.

मामा अकराला निघून गेला. डुएन साडेबाराला ट्रॅक्टरवरून आला, "सॉरी बॉस" म्हणाला. तिने खुर्ची दिली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. विद्यापीठाने दुसरी तारीख दिली नाही.

आज ती जिल्ह्याच्या रस्तेखात्यात बर्फ काढणाऱ्या गाड्यांना बिनतारी यंत्रावरून रस्ते सांगते. तिथेही बदली येईपर्यंत उठता येत नाही.

पुन्हा परीक्षेला बसण्याची फी दोन डॉलर होती. त्या दिवशी तिने फी उधार ठेवून माझं नाव लिहून घेतलं. मी पुन्हा बसलो नाही. दोन डॉलर केंद्राचे माझ्याकडे बाकी आहेत.