जास्त थांब्यांचं जहाज

बहिरू कुट्यानं उभा जन्म एस.टी. चालवली. सप्तशृंगी गडाचा घाट म्हणा, कसारा म्हणा, पेठेकडचा वळणावळणाचा रस्ता म्हणा, समोर धुकं असो नाहीतर दरड, हा गडी बिडी विझवून सरळ गाडी घालायचा. डेपोतली नवी पोरं त्याच्याकडं तोंड उघडं टाकून बघायची. आता अशा माणसाला घाबरट म्हणायची कुणाची छाती होईल? पण होता हो घाबरट! पाण्याला भ्यायचा, आणि थोडाथोडका नाही. गोदेला पूर येऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की अख्खं नाशिक ते बघायला लोटतं. हा त्या दिवशी म्हसरूळच्या घरात दारं लावून, टीव्ही मोठ्यानं करून बसायचा. रामकुंडावर कुणाच्या दहाव्याला गेला तर वरच्या पायरीवर बसून डोक्यावर तांब्या ओतायचा आणि म्हणायचा, "झाली की अंघोळ. बुडी मारलीच पाह्यजे असं हाय का?" लोक हसायचे.

यामागचं कारण कुणालाच ठाऊक नाही, असं आपलं त्याला वाटायचं. लहानपणी सायखेड्याला पहाटेच नदी गावात शिरली होती. होडी कुठली मिळायला! गुऱ्हाळावरची काहील आणली, गूळ आटवायची ती भलीमोठी कढई, आणि पोराबाळांना तिच्यात बसवून दोरानं ओढायला लागले. काहील गरगर फिरत होती. लोखंडाला गुळाचा वास होता. आई घराच्या धाब्यावर उभी होती. "तू हो पुढं, मी दुसऱ्या खेपंला येते," म्हणाली. दुसरी खेप झालीच नाही. पुढं त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

तर अशा माणसासमोर एका रविवारी सकाळी सुनेनं, निकितानं, चहाच्या कपाशेजारी मोबाईल ठेवला.

"आबा, आई, यंदा दिवाळी झाली की समुद्र! काही धावपळ नाही. वाळूत बसायचं, शहाळं प्यायचं, झोपायचं. आईंना गाडी लागते ना, म्हणून जहाजच बघितलं. एकदा चढलं की चढलं. तीन रूट आहेत, तुम्हीच निवडा."

बहिरूची बायको भागीबाई वणीची. साठी ओलांडली तरी बाईनं समुद्र पाहिला नव्हता. "खरंच गं?" ती म्हणाली. "अनवाणी चालू देत्यात का वाळूत?"

तिचा तो आवाज ऐकला आणि बहिरूला नको म्हणवेना. चाळीस वर्षांत असल्या आवाजात तिनं काही मागितलं नव्हतं. आता नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं?

पहिलं जहाज मुंबईहून सुटून समुद्रात चक्कर मारून परत मुंबईलाच येणार होतं.

"मधी कुठंच थांबत नाय?"

"नाही आबा. नुसता समुद्र."

बहिरूनं बोटानं ते पुढं सरकवलं. दुसरं थेट गोव्याला जाऊन परत. तिसरं गोवा, कोची, मग लक्षद्वीपची दोन बेटं.

आता ड्रायव्हरचं डोकं ते! विनाथांबा गाडी बंद पडली की माळरानात पडते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यापरीस साधी गाडी बरी. गावोगाव स्टँड, स्टँडला फलाट, पायरीवरनं पाय टाकला की जमीन. ज्याला थांबे जास्त, ते काठाकाठानंच जाणार, असा त्यानं हिशेब बांधला.

"तिसरं," तो म्हणाला.

"वा आबा! मला वाटलं, तुम्ही नकोच म्हणाल." निकितानं तिथल्या तिथं तिकिटं काढूनसुद्धा टाकली.

"लय लांबचं निवडलं की वो," भागीबाई पदरानं तोंड पुसत हसली. बहिरूही हसला. आपण भारी डोकं चालवलं, या खुशीत त्यानं चहा बशीत ओतला.

मग निकितानं त्यातल्या एका बेटाचा व्हिडिओ लावला. हिरवं पाणी, पांढरी वाळू, आणि लांब, पार लांब उभं असलेलं जहाज.

"ह्याचा फलाट कुठंय?" बहिरूनं विचारलं.

"तिथं नाही हो. पाणी उथळ आहे, जहाज काठाला लागतच नाही. ते आत समुद्रात थांबतं, मग छोट्या होड्या येतात. थोडे थोडे लोक बसवून खेपा करतात."

मोबाईलमध्ये एक बाई लाल जाकीट घालून होडीत पाय टाकत होती. होडी हलली, जरा फिरली. बहिरूच्या हातातली बशी कलंडली. कान बंद झाले. चहाचा वास जाऊन गुळाचा वास यायला लागला. "तंबाखू आणतो," असं काहीतरी पुटपुटत तो उठला आणि गॅलरीत जाऊन गजाला धरून उभा राहिला. खाली रस्त्यावर भाजीची गाडी होती, कोरडा ठणठणीत रस्ता होता, तरी गज सोडवेना.

भागीबाई मागोमाग आली. तिनं दार ओढून घेतलं.

"सांगते मी निकिताला. रद्द कर म्हणते. मला जहाजबी लागतं म्हणून सांगते."

"तुला कशानं लागंल जहाज?"

"अन् गाडी तरी कवा लागली हो मला?" ती हळूच म्हणाली. "तुमच्या गाडीत गडाचा घाट चढले, आपल्या महेशच्या वेळंला पोटुशी असताना कैऱ्या खात चढले. लागली का कवा?"

बहिरू बघतच राहिला. कधीच नाही. डेपोची सहल हरिहरेश्वरला निघाली तेव्हा तिला गाडी लागत होती. भाच्यानं अलिबागला बोलावलं तेव्हाही लागत होती. एरवी कधीच नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"लग्नातच. तुमच्या चुलतीनं. काहिलीचं समदं सांगितलं अन् म्हणाली, पोरी, ह्याला पाण्याकाठी नेऊ नको. नाय नेलं मी."

बहिरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या भ्यानं हिचा समुद्र खाल्ला, आणि हिनं कधी चकार शब्द काढला नाही! त्याचे डोळे भरले. भागीबाईला ते बघवलं नाही. ती घाईघाईनं म्हणाली, "बरं, असं करू. तुम्ही वर जहाजातच खुर्ची टाकून बसा. मी निकितासंगं उतरते, पाय भिजवते अन् दुसऱ्या खेपंला लगीच माघारी येते."

बिचारी सहज बोलून गेली. पण बहिरूच्या अंगावर काटा आला. वर तो एकटा, खाली होडीत ती, आणि होडी लहान लहान होत चाललेली. आत्तापर्यंतचं भ्याव या भ्यावापुढं काहीच नव्हतं.

"नाय!" तो एवढ्यानं ओरडला की खालच्या भाजीवाल्यानं वर पाहिलं. "दुसरी खेप नाय. ते नाव काढू नको. जायचं तर पयल्याच खेपंला, दोघांनी."

"अन् भ्यालात मग?"

"भिणारच हाय. आत्ताच भ्यालोय, दिसत नाय का?"

दिसत होतं. गज त्यानं अजून सोडला नव्हता. भागीबाईनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला, तरी सोडला नाही.

दार उघडून निकितानं डोकं बाहेर काढलं. "आबा, काय झालं? रद्द करू का?"

बहिरूनं गज सोडला. "राहू दे," तो म्हणाला. "फक्त त्या लोकांना फोन करून इचार, होडीत नवरा-बायकोला शेजारी शेजारी बसू देत्यात ना?"